दहा माणसं झाली? आता अंतर्गत समिती नेमा: नव्या कंपनीसाठी टप्प्याटप्प्याने

छोट्या कंपनीत एचआरचं काम पहिल्यांदा अंगावर पडतं तेव्हा पगारपत्रक, पीएफ, हजेरी हे कुणी ना कुणी शिकवतं. 'पॉश'चं, म्हणजे कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्याच्या कायद्याचं, काम मात्र बहुतेक वेळा एका ओळीच्या मेलने येतं: "आपल्याकडे ती समिती आहे का? ऑडिटर विचारतायत." मग घाईघाईत चार नावं लिहिली जातात, नेटवरून उतरवलेलं धोरण फाइलला लागतं आणि वर्षातून एकदा तासभराचं प्रेझेंटेशन उरकलं जातं. मी हे काम आधी एचआरमधून आणि नंतर समितीची सदस्य म्हणून केलं आहे. तक्रार करायची की नाही, हे बाई समितीत कोण बसलंय ते पाहून ठरवते. धोरणाची पीडीएफ तिने उघडलेलीही नसते. म्हणून खाली माणसं निवडणं, प्रशिक्षण आणि तक्रार हाताळणं यावर जास्त लिहिलं आहे.

कायद्याचं पूर्ण नाव 'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३'. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वं होती. राजस्थानात सरकारी कार्यक्रमात 'साथिन' (गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून काम करताना बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवी यांच्यावर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला आणि त्यानंतर ती याचिका उभी राहिली. कामासाठी गावात फिरणाऱ्या बाईची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याने कशी घ्यायची, याचं उत्तर तेव्हा कुठल्याच कायद्यात नव्हतं. तुमच्या कंपनीतली फील्डवर जाणारी मुलगी, कंत्राटदाराकडून आलेली सफाई कामगार यांचा विचार करताना हा उगम लक्षात असू द्या.

१. आधी डोकी मोजा

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे. मोजताना फक्त पगारपत्रकावरची नावं धरू नका. कायद्याच्या व्याख्येत कायम, हंगामी, रोजंदारी, कंत्राटी, शिकाऊ, प्रोबेशनवरचे, अगदी स्वयंसेवकसुद्धा येतात. सात जणांचं ऑफिस, दोन सुरक्षारक्षक आणि एक सफाई कामगार, झाले दहा.

कंपनीच्या शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी समिती लागते. मुख्य ऑफिसातली एकच समिती सगळीकडे दाखवणं ही नेहमीची चूक आहे.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. खुद्द मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते, कंपनी कितीही मोठी असो. म्हणून तुमच्याकडे अंतर्गत समिती असली तरी स्थानिक समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळवून फलकावर लावा.

"आमच्याकडे सगळे पुरुषच आहेत, आम्हाला काय गरज?" हा प्रश्न हमखास येतो. कायद्यातली 'पीडित महिला' तुमची कर्मचारी असलीच पाहिजे असं नाही. मुलाखतीला आलेली मुलगी, माल घ्यायला आलेली ग्राहक, ऑडिटला आलेली बाई, कुणीही तक्रार करू शकते.

२. समितीची माणसं निवडा, आणि इथे वेळ घ्या

किमान रचना अशी:

- अध्यक्ष म्हणून वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी. त्या ठिकाणी अशी कुणी नसेल तर कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसातून, तेही शक्य नसेल तर दुसऱ्या संस्थेतून घेता येते.
- कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य. महिलांच्या प्रश्नांबद्दल आस्था, सामाजिक कामाचा अनुभव किंवा कायद्याचं ज्ञान असलेल्यांना प्राधान्य.
- एक बाह्य सदस्य: महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतून, किंवा या विषयाची जाण असलेली व्यक्ती.
- एकूण सदस्यांपैकी निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

कागदावर हे दहा मिनिटांत होतं. खरी निवड वेगळ्या प्रश्नांवर करा. या बाईंकडे जाऊन एखादी ज्युनियर मुलगी रडू शकेल का? संचालकांच्या मर्जीतल्या माणसाविरुद्ध तक्रार आली तर या सही करतील का? यांच्या तोंडून कँटीनमध्ये गोष्टी बाहेर पडतात का? एचआर प्रमुखच अध्यक्ष असल्या तर कायदा आडवा येत नाही. पण कामावरून काढण्याचे कागद ज्यांच्या सहीने निघतात त्यांच्याकडे मोकळेपणाने बोलणं लोकांना जड जातं. शक्य असेल तर अध्यक्षपद दुसऱ्या विभागाकडे द्या.

सगळे सदस्य एकाच मजल्यावरचे, एकाच भाषेचे, एकाच पगारगटातले नकोत. कारखाना असेल तर शॉप फ्लोअरवरची किमान एक बाई समितीत हवी. तिला कायदा शिकवता येतो. लाइनवर पंचवीस वर्षं काढलेल्या बाईवर इतर बायकांचा जो विश्वास असतो, तो कुठल्याच कार्यशाळेत तयार होत नाही.

बाह्य सदस्य नावापुरता नको. कंपनीच्या वकिलांची मैत्रीण, संचालकांच्या ओळखीतली 'समाजसेविका' अशा नेमणुका सगळ्यांना दिसतात. नेमण्याआधी विचारा: आतापर्यंत चौकशीत बसला आहात का? अहवाल स्वतः लिहिता का? बोलावल्यावर किती दिवसांत येऊ शकाल? मानधन आणि प्रवासखर्च कंपनीने द्यायचा असतो. नियमांत दिवसाला २०० रुपये भत्ता लिहिला आहे. चांगला माणूस हवा असेल तर प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त द्या आणि ते नेमणूकपत्रातच लिहा.

३. आदेश, फलक, पोर्टल

समितीची नेमणूक लेखी आदेशाने करा आणि त्यावर मालकाची किंवा संचालकाची सही घ्या. अनेक ऑफिसांत अजून 'विशाखा समिती' अशीच पाटी असते. लोकांच्या तोंडी ते नाव आहे, ते राहू द्या. आदेशात मात्र 'अंतर्गत समिती' लिहा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात तेच नाव आहे.

हा आदेश आणि लैंगिक छळाचे दंडात्मक परिणाम ठळक जागी लावणं बंधनकारक आहे. एक प्रत रिसेप्शनवर लावा. दुसरी महिलांच्या स्वच्छतागृहात किंवा चेंजिंग रूममध्ये लावा, कारण तिथे नंबर टिपून घेताना कुणी बघत नाही. फलक कामगार वाचतात त्या भाषेत हवा. सदस्य नोकरी सोडून गेला की त्याच आठवड्यात नाव बदला. फोन लावल्यावर "त्या तर गेल्या" असं उत्तर मिळालेली बाई दुसऱ्यांदा फोन करत नाही.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या शी-बॉक्स या लैंगिक छळाच्या तक्रारींच्या पोर्टलवर समितीची नोंद करून टाका. तिथे दिलेला मेल रोज कुणीतरी उघडतं ना, याची खात्री करा.

समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा सिद्ध झाला तर दुप्पट शिक्षा आणि व्यवसायाचा परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. संचालक चालढकल करत असतील तर त्यांना हे कलम २६ वाचायला द्या.

४. धोरण: चार पानं पुरेत

तीस पानांचं इंग्रजी धोरण कुणी वाचत नाही. चार पानं, मराठीत किंवा तुमच्या लोकांच्या भाषेत. त्यात काय छळ ठरतं, तक्रार कुणाकडे आणि कशी करायची, पुढे काय होतं, गोपनीयता कशी राखली जाते आणि सूडबुद्धीने वागल्यास काय होईल, एवढं हवं. कंपनीची गाडी, ऑफिसची सहल, ग्राहकाचं ऑफिस, घरून काम करतानाचा व्हिडिओ कॉल आणि कामाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, हे सगळं स्पष्ट लिहा.

या कायद्याखाली तक्रार फक्त महिला करू शकते. पुरुष आणि तृतीयपंथी कर्मचाऱ्यांना संरक्षण द्यायचं असेल तर ते कंपनीच्या धोरणात वेगळं लिहावं लागतं, आणि ते लिहावंच असं माझं ठाम म्हणणं आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याने आस्थापनांनी तक्रार अधिकारी नेमायचा असतो. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. हे दोन्ही कागद याच वेळी करून घ्या.

इथला एक मोठा सापळा म्हणजे अपमानाची प्रत्येक तक्रार अंतर्गत समितीकडे ढकलणं. जातीवरून टोमणे, उच्चारांची नक्कल, धर्मावरून वगळणं, साहेबांची आरडाओरड या तक्रारी तितक्याच गंभीर आहेत, पण त्या या समितीच्या अधिकारात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी शिस्तभंगाची वाट ठेवा आणि ती कोणती हे धोरणात सांगा. नाहीतर समिती "हे आमचं नाही" म्हणते, एचआर "समितीकडे जा" म्हणतं आणि माणूस मधेच लटकतो.

५. प्रशिक्षण: एकच सत्र सगळ्यांना देऊ नका

कायद्याने कर्मचाऱ्यांसाठी नियमित कार्यशाळा आणि समिती सदस्यांसाठी वेगळं प्रशिक्षण घ्यायचं असतं. मी त्यात तिसरा गट धरते: टीम लीडर, सुपरवायझर, मॅनेजर. तिघांना लागणारी माहिती वेगळी आहे.

*सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी.* वीस-पंचवीस जणांचा गट, दीड तास, कामाच्या वेळेत. सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर चीड घेऊनच लोक येतात. रात्रपाळीला त्यांच्या पाळीत सत्र द्या. कंत्राटी कामगारांना वगळू नका आणि त्या वेळेचा त्यांचा रोज कापला जाणार नाही, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्या.

कायद्यातले पाच प्रकार सांगा: शारीरिक स्पर्श व लगट, लैंगिक सुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं, आणि इतर कोणतंही नकोसं लैंगिक वर्तन, मग ते शारीरिक असो, शाब्दिक असो वा हावभावांतून. पण व्याख्या वाचून दाखवून थांबू नका. तुमच्याच कामातले प्रसंग मांडा आणि गटाला बोलू द्या:

- ओव्हरटाइमची यादी हातात धरून सुपरवायझर म्हणतो, "रविवारी भेटलीस तर नाव घालतो."
- मॅनेजर रोज रात्री अकराला "झोपलीस का?" असा मेसेज पाठवतो. दिवसा त्याचं वागणं अगदी नीट असतं.
- अरुंद जागेतून जाताना एकजण दर वेळी घासून जातो आणि दर वेळी सॉरी म्हणतो.
- गरोदर सहकारिणीच्या शरीरावरून ग्रुपमध्ये विनोद चालतात, तीही हसण्याचा इमोजी टाकते.

शेवटच्या प्रसंगावर सगळ्यात जास्त वाद होतो: "ती तर हसली ना!" इथे थांबा, घाई करू नका. ज्याच्या हातात पाळीचं वेळापत्रक किंवा पगारवाढ आहे, त्याच्यासमोर हसणं म्हणजे संमती नव्हे, हे लोकांना आपापसात बोलूनच पटतं. "माझा तसा हेतू नव्हता" या वाक्याचंही तसंच आहे. वागणं समोरच्या व्यक्तीला नकोसं होतं का, हे आधी पाहिलं जातं.

"मग आता मुलींशी बोलायचंच नाही का?" हेही कुणीतरी विचारेलच. हसण्यावारी नेऊ नका, नीट उत्तर द्या. काम शिकवा, चूक दाखवा, मीटिंगला घ्या, दौऱ्यावर पाठवा. यातलं काहीच छळ नाही. उलट भीतीपोटी बायकांना मीटिंगमधून, दौऱ्यांतून, महत्त्वाच्या कामातून बाजूला ठेवणं हा भेदभाव आहे, आणि वाईट प्रशिक्षणानंतर तो सर्रास सुरू होतो.

शेजारी बसलेल्याने काय करायचं, तेही शिकवा. फार शौर्य लागत नाही. विषय तोडणं, "हे बरोबर नाही" एवढंच म्हणणं, नंतर त्या बाईला एकटीला गाठून "मी पाहिलं, तुला गरज लागली तर साक्ष देईन" असं सांगणं. यातली वाक्यं लोकांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. तोंडात बसलेलं वाक्यच वेळेला आठवतं.

एक गोष्ट मात्र करू नका: "कुणाला असा अनुभव आलाय का?" असं भर सत्रात विचारू नका. हात वर केला तर गोपनीयता तिथेच संपते.

*मॅनेजरांसाठी.* पहिली पाच मिनिटं कशी हाताळायची, एवढंच शिकवा. बाई बहुतेक वेळा आधी समितीकडे जात नाही. ती विश्वासातल्या मॅनेजरकडे जाते. त्याने ऐकून घ्यायचं, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, समितीची माहिती द्यायची आणि तक्रार लिहायला मदत हवी का ते विचारायचं. "तुझी खात्री आहे का?", "त्याला घरी लहान मुलं आहेत", "मी त्याच्याशी बोलून मिटवतो" ही वाक्यं बंद. स्वतः चौकशी सुरू करायची नाही. संबंधित पुरुषाला खबर द्यायची नाही.

*समितीसाठी.* किमान एक पूर्ण दिवस, बाह्य सदस्यासह. काल्पनिक तक्रारीवर सराव-चौकशी करा: नोटीस लिहा, जबाब घ्या, अहवाल लिहा. ज्या समितीने पहिला अहवाल खऱ्या प्रकरणातच लिहिला, तिच्या अहवालात त्रुटी राहतात आणि अपिलात त्याचा फटका तक्रारदाराला बसतो.

हजेरीपत्रक, तारीख, प्रशिक्षकाचं नाव आणि विषय जपून ठेवा.

६. तक्रार आली: तारखांचा तक्ता बनवा

तक्रार लेखी हवी, घटनेपासून तीन महिन्यांत. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. योग्य कारण असेल तर समिती कारण नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. बाईला लिहिता येत नसेल तर अध्यक्ष किंवा सदस्यांनी मदत करायची असते. नियमांत सहा प्रती मागितल्या आहेत, पण प्रती कमी आहेत म्हणून कुणाला परत पाठवू नका. झेरॉक्स तुम्ही काढा.

पुढचा क्रम भिंतीवर चिकटवण्यासारखा:

- प्रतिवादीला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला) तक्रारीची प्रत: ७ कामकाजाच्या दिवसांत
- त्याचं उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी: प्रत मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत
- चौकशी पूर्ण: ९० दिवसांत
- अहवाल मालकाकडे आणि दोन्ही पक्षांना: चौकशी संपल्यावर १० दिवसांत
- मालकाने अंमल करणं: ६० दिवसांत
- अपील: शिफारशींपासून ९० दिवसांत

पहिल्याच भेटीत बाईला दोन गोष्टी सांगा. एक, पोलिसांत तक्रार करण्याचा तिचा हक्क वेगळा आहे (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७५) आणि तिची इच्छा असेल तर कंपनीने त्यासाठी मदत करायची असते. दोन, चौकशी चालू असताना ती लेखी मागणी करून तात्पुरता दिलासा घेऊ शकते: तिची किंवा त्याची बदली, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा तिच्या कामाचं मूल्यमापन त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे देणं. बदली करायची वेळ आली की आपोआप तिलाच हलवलं जातं. आधी तिला विचारा.

समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या बदल्यात कधीच नाही. समितीने समेट सुचवायचा नसतो. "बघ बाई, माफी मागतोय तो" असं म्हणणारा सदस्य समितीत नको.

७. चौकशीच्या खोलीत

बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य लागतात. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. दोघांना एकमेकांसमोर बसवण्याची गरज नाही. प्रश्न लेखी घेऊन समितीमार्फत विचारता येतात. प्रत्येक जबाब त्याच दिवशी लिहा, वाचून दाखवा, सही घ्या. ज्या भाषेत माणूस बोलला त्याच भाषेत लिहा. एखादा पक्ष सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना आला नाही तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन एकतर्फी पुढे जाता येतं.

तिचे कपडे, तिचं लग्न, तिचे आधीचे संबंध यांवर एकही प्रश्न नको. प्रतिवादीलाही पूर्ण ऐकून घ्या, त्याला सगळी कागदपत्रं द्या. घाईत दिलेला निकाल अपिलात टिकत नाही.

तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. त्यासाठी दुष्ट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो. "खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल" हे वाक्य फलकावर ठळक अक्षरांत लावणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. ते काढून टाका.

गोपनीयता मोडणाऱ्याकडून ५,००० रुपये वसूल करण्याची तरतूद आहे. प्रकरणाची फाइल कुलुपात ठेवा, मेलवर नावं लिहू नका.

८. कपाटात कायम हवीत अशी कागदपत्रं

- समिती नेमल्याचा आदेश आणि सदस्यांची संमतीपत्रं
- बाह्य सदस्याचं नेमणूकपत्र, मानधनासह
- धोरण, सगळ्या भाषांत, आणि ते मिळाल्याच्या सह्या
- प्रशिक्षणाची हजेरी
- तक्रार, नोटीस, जबाब, अहवाल यांचे कोरे नमुने
- समितीच्या बैठकांचं इतिवृत्त
- मागच्या वर्षांचे वार्षिक अहवाल आणि पोचपावत्या

वार्षिक अहवाल समितीने मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्यांना द्यायचा असतो. त्यात आलेल्या तक्रारी, निकाली निघालेल्या, ९० दिवसांवर रखडलेल्या, घेतलेल्या कार्यशाळा आणि केलेली कारवाई येते. एकही तक्रार नसेल तरी अहवाल द्यायचाच. डिसेंबर संपला की जानेवारीत हे काम हातावेगळं करा. कंपनी कायद्याखालच्या संचालकांच्या अहवालातही समितीबद्दल लिहावं लागतं, ते सीएसना (कंपनी सेक्रेटरींना) आठवण करून द्या.

वर्षानुवर्षं शून्य तक्रारी येत असतील तर खूश होण्याआधी पाच-सहा बायकांना विचारा, समितीत कोण आहे ते माहीत आहे का. उत्तर नाही असेल तर पुन्हा तिसऱ्या आणि पाचव्या टप्प्याकडे जा.

९. निकालानंतर

इथे बहुतेक कंपन्या फाइल बंद करतात. खरा त्रास तेव्हा सुरू होतो: जेवायच्या वेळी कुणी शेजारी बसत नाही, पाळी बदलते, मूल्यमापन अचानक 'समाधानकारक'वर घसरतं. निकालाच्या तारखेपासून एक महिना, तीन महिने आणि सहा महिने अशा तीन तारखा अध्यक्षांच्या कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी तक्रारदाराशी आणि साक्ष दिलेल्या प्रत्येकाशी स्वतंत्र बोला. त्यांची पाळी, बदली, पगारवाढ आणि मूल्यमापन यांत काही बदललं का ते एचआरच्या नोंदींत पाहा. बदल झाला असेल तर तो करणाऱ्या मॅनेजरकडून लेखी कारण मागवा आणि ते समितीच्या फाइलला लावा.